डॉ. उजागरे आणि व्यक्ती ‘ज’

जॉयस उजागरेला मूर्ख माणूस ओळखायला वेळ लागत नसे, आणि ओळखल्यावर चेहरा सरळ ठेवणं तिला जन्मात जमलं नाही. शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली ही पोर. वडील दानिएल मास्तर मिशनच्या शाळेतून रिटायर झालेले. ते म्हणायचे, “जॉयस, तोंडानं तू काही बोलत नाहीस गं, पण तुझ्या भुवया शिव्या देतात.” तिच्या नोकरीतले निम्मे घोळ त्या भुवयांनीच केले.

१९९३ साली ती शिरूरच्याच एका कॉलेजात राज्यशास्त्राची लेक्चरर म्हणून लागली. पुढं पीएच.डी. करायची म्हणून पुण्याला गेली आणि गाइडपुढं विषय ठेवला : घोड आणि भीमा या नद्यांच्या काठची राजकीय हिंसा. वाळूचा ठेका कोणाला मिळतो, रांजणगावच्या कारखान्यांत कामगार पुरवायचं कंत्राट कोणाच्या दारावरून जातं, ग्रामपंचायतीला भरलेला अर्ज माणूस रातोरात मागं का घेतो, हे सगळं.

गाइड हसले. “अहो, याला राजकीय हिंसा म्हणत नाहीत. मारामारी म्हणतात. हिंसाच बघायची तर पंजाब घ्या, श्रीलंका घ्या.”

“सर, तुम्ही श्रीलंकेला जाऊन आलात?”

“जायचंय कशाला? लायब्ररी आहे की.”

भुवया वर गेल्या. गाइडनी त्या पाहिल्या आणि पुढची सहा वर्षं तिच्या प्रत्येक प्रकरणावर त्याचा सूड उगवला. पण विषय तिनं सोडला नाही.

सुट्टी पडली की ती शिरूरहून चौफुल्याची एसटी धरायची आणि तिथून दौंडकडं उतरायची. छत्री, पाण्याची बाटली आणि पायात कापडी बूट. गावोगावचे पुढारी तिला आधी जनगणनेची बाई समजायचे, मग पेपरवाली. ‘मी हिंसेवर संशोधन करते’ असं ती सांगायची तेव्हा लोक चहा मागवायचे आणि शेजारच्या गावाबद्दल भरभरून बोलायचे. स्वतःच्या गावात सगळीकडं शांतताच असायची.

एका प्रकरणाबद्दल मात्र सगळ्या गावांचं एकमत होतं. भीमेच्या काठी बेलठाण म्हणून गाव आहे. तिथला बिरदेव हा धनगराचा तरणा गडी. आज्यापर्यंत मेंढरं वळलेलं घर, बापापासून शेतीला लागलेलं. वाळूचे ट्रक त्यांच्या रानातून जायचे आणि उभं पीक तुडवायचे. बिरदेव म्हणाला, मी ग्रामपंचायतीला उभा राहतो आणि ही वाट बंद करतो. ९२ साली मतदानाच्या तोंडावर, दिवस मावळताना, तो नदीच्या पात्रात चिरडलेला सापडला. पंचनाम्यात अपघात लिहिला गेला. गाव म्हणालं, खून. आणि खून केला जालिंदरनं.

जालिंदर तेव्हा वाळूवाल्यांच्या मागं फिरणारा एक किरकोळ माणूस होता. ट्रकच्या खेपा मोजायचा. लोकांनी त्याचं नाव घेतल्यावर तो ‘हो’ म्हणाला नाही आणि ‘नाही’ही म्हणाला नाही. नुसता हसला. त्या एका हसण्यावर त्यानं पुढं सोळा वर्षं खाल्लं. आधी वाळूचा ठेका आला, मग कारखान्यातलं कंत्राट, मग मार्केट यार्डात गाळा, मग नावापुढं ‘दादा’. त्यानं कधी कोणाला थोबाडीत मारल्याचंही कोणी पाहिलं नव्हतं. गरजच पडली नाही. ‘बेलठाण आठवतंय ना?’ एवढं त्याच्या पोरांनी म्हणायचं, की समोरचा अर्ज मागं घ्यायचा.

जॉयसनं पुष्कळ लोकांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. दोघांनी तर डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणे. एरवी कोणाच्या सांगण्यावर भरवसा न ठेवणारी ही बाई, पण इथं तिनं ठेवला. कारण उघड होतं. जालिंदर तिला मनापासून नावडता होता आणि त्यानं खून केलेला तिला हवाच होता.

ती त्यालाही भेटली होती. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या. “लिवा मॅडम, काय लिवायचं त्ये लिवा,” तो म्हणाला. “फकस्त फोटू छापू नका. नजर लागती.”

प्रबंधात गावांची आणि माणसांची नावं झाकायची असतात. बेलठाण ‘गाव ब’ झालं, जालिंदर ‘व्यक्ती ज’ झाला आणि बिरदेवच्या खुनाचं प्रकरण प्रबंधातलं सगळ्यात भक्कम प्रकरण ठरलं.

२००१ साली ती डॉक्टर झाली. त्याच सप्टेंबरात अमेरिकेतले मनोरे पडले आणि महिनाभरात तिच्या भोवती तज्ज्ञांचं पीक आलं. ज्यांनी उभ्या आयुष्यात यवतच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं ते काबूलच्या डोंगरातले रस्ते सांगायला लागले. इतिहासाचे एक सर गणेश मंडळांत ‘दहशतवाद : कारणे, परिणाम व उपाय’ हे एकच भाषण वर्षानुवर्षं देत हिंडले आणि त्यांच्या घरी शालींची चळत लागली. ज्या गाइडना नदीकाठची हिंसा मारामारी वाटली होती त्यांचाच फोन आला. “जॉयस, आपल्या विषयाला चांगले दिवस आलेत!”

“कोणाच्या विषयाला, सर?” तिनं विचारलं. फोनवर भुवया दिसत नाहीत हे सरांचं नशीब.

पुढं जालिंदरदादा कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे विश्वस्त झाले. मुंबईवर हल्ला झाला त्यानंतरच्या डिसेंबरात प्राचार्यांनी जॉयसला बोलावून घेतलं. फेब्रुवारीत राष्ट्रीय चर्चासत्र घ्यायचं, विषय दहशतवाद, समन्वयक डॉ. उजागरे, उद्घाटक जालिंदरदादा.

“दहशतवादाच्या चर्चासत्राला दादा?” जॉयसनं विचारलं.

“अनुभवी माणूस आहे,” प्राचार्य म्हणाले. त्यात काही विनोद आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दादांच्या ऑफिसातून बोलावणं आलं. जॉयस जरा धास्तावूनच गेली, तर टेबलावर तिचाच प्रबंध. वकिलाकडून दादांनी तो मोठ्यानं वाचून घेतला होता, आणि एकदा समाधान झालं नाही म्हणून पुन्हा वाचून घेतला होता.

“मॅडम, काय लिवलंय, काय लिवलंय!” दादांचा चेहरा फुलला होता. “‘व्यक्ती ज यांची दहशत बेचाळीस गावांत जाणवते.’ अवो, बेचाळीस हायती ह्ये आमालाच म्हाईत नव्हतं. आता असं करा, ह्याचं पुस्तक काढा. माझा पन्नासावा वाढदिवस त्याच टायमाला येतोय. त्ये ‘ज’ काढून टाका, पुरं नाव टाका. नाय झालं पुस्तक तर ऱ्हाऊ द्या, पाव्हण्याची वळख म्हणून त्यातलंच वाचा.”

“खुनाचं प्रकरणसुद्धा?”

दादा तसेच हसले, सोळा वर्षांपूर्वीसारखे. “त्ये तर पयलं वाचा. आन् बालपण बी घाला थोडं. यवतला आमची भन हाय, पुतळाबाई. तिला समदं पाठ हाय.”

जॉयस घरी आली तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता. सहा वर्षं घासून लिहिलेला ग्रंथ, आणि तो कोणाच्या कामाला आला? व्यक्ती ‘ज’च्या. गावोगाव त्याची पोरं जे तोंडानं सांगत फिरत होती ते हिनं विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी सांगून ठेवलं होतं. श्रीलंका न पाहिलेल्या गाइडला हसणारी आपण, बेलठाणच्या पात्रात काय घडलं ते आपण तरी कुठं पाहिलं होतं?

यवतला ती गेली ती काहीशी चरफडतच. हायवेला लागून पुतळाबाईचं रसवंतीगृह होतं. ठसठशीत कुंकू, पदर खोचलेला, ऊस घालता घालता बाई बोलत होती. भावावर जीव. लहानपणी तो विंचवाला कसा भ्यायचा, शाळेतून कसा पळून यायचा, सगळं सांगून झालं. मग तिनं जॉयसकडं निरखून पाहिलं.

“तुमी त्या बेलठाणचं बी लिवलंय म्हणं?”

“लिहिलंय, ताई.”

“खोटं हाय त्ये.” पुतळाबाईनं चरक थांबवला. “माझा भाऊ तसला न्हाई. लोकं मेली उगं बोलत्यात. त्यो त्या दिशी हितं व्हता, माझ्या घरी. ही प्रगती,” तिनं गल्ल्यावर बसलेल्या मुलीकडं बोट केलं, “हिचं बारसं व्हतं त्या दिशी. बासुंदी केलती. ह्यानं खाल्ली पोटाला तडस लागंस्तवर, आन् मंग जुलाब! डाक्टरला घरी आणून सलाइन लावली. सांजच्याला बिरदेव ग्येल्याचं कळलं तसा घाबरून कडब्याच्या खोलीत जाऊन बसला. ‘आक्का, मला धरत्याल, मला धरत्याल’ म्हणून लहान पोरावानी रडत व्हता. दोन दिस भाईर आला न्हाई.”

“मग बिरदेवला कोणी मारलं?”

“मारलं न्हाई कुणी बी. हौशीरामनं ट्रक रिवस घेतला, मागं बिरदेव हुबा व्हता, त्याला दिसला न्हाई. हौशीरामनंच आमच्या मालकांना सांगितलं. पर आमचा भाऊ दौंडला ग्येला आन् बघतोय तर काय, चार लोकं त्याला बघून हुबी ऱ्हायली. तवापासनं गप बसला त्यो बसलाच. मी किती डाव म्हणलं, सांग की रं लोकांना, तू न्हाईस म्हणून!” बाईचे डोळे भरून आले. “तुमी शिकल्याल्या हायसा. तुमी तरी लिवा मॅडम, माझा भाऊ निर्दोष हाय.”

भावाची एवढी कळवळ करणारी बाई सबंध तालुक्यात ती एकटीच होती, आणि तिनं भावाला कुठं नेऊन ठेवलं याची तिला कल्पनाही नव्हती.

हौशीराम कारेगावात सापडला. एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. जॉयसनं बेलठाण म्हटलं तसा तो खुर्चीतून उठला आणि परत बसला. “व्हय. माझ्याच हातनं झालं,” तो म्हणाला. “पोलिसात जाणार व्हतो. जालिंदर म्हणला, गप बैस, मी बघतो. मला वाटलं, माझ्यासाठीच करतोय. मंग ध्यानात आलं, त्याला त्ये मढं पायजे व्हतं.” मग म्हणाला, “रतनबाईला मी कवाच तोंड दावलं न्हाई. तुमी सांगा. माझ्यानं न्हाई व्हणार.”

रतनबाई म्हणजे बिरदेवची आई. बेलठाणच्या वस्तीवर ती शेळ्यांना पाला घालत होती. जॉयस तिच्या शेजारी बसली आणि जे कळलं ते सगळं सरळ सांगितलं. पाला संपला तरी हात तसाच पुढं राहिला.

“सोळा वरसं त्याला तळतळाट दिला मी,” ती शेवटी म्हणाली. “त्यो समदा वायाच ग्येला म्हणायचा.”



“वाया न्हाई ग्येला,” म्हातारीनंच स्वतःला उत्तर दिलं. तिचा आवाज चढला. “मारलं न्हाई त्यानं. पर माझ्या लेकराच्या मढ्यावर बसून जेवला ना? मारणाऱ्याच्या हातनं चूक झाली, ह्यानं धंदा केला. हौशीरामला म्हणावं, यकदा येऊन जा. आन् त्या भाड्याचं काय करायचं त्ये करा. चारचौघांत करा.”

चर्चासत्राला हॉल भरला होता. दिल्लीहून एक निवृत्त अधिकारी आले होते, पुण्याहून गाइड आले होते, इतिहासाच्या सरांनी नवी शाल मिळेल या आशेनं जुनी घालून येणं टाळलं होतं. पहिल्या रांगेत पोलीस इन्स्पेक्टर, दाराशी बंदोबस्ताचे हवालदार, मागं विद्यार्थी. त्यांना हजेरीसाठी बसवलेलं. स्टेजवर मधोमध जालिंदरदादा, छातीवर बिल्ला.

जॉयस पाहुण्यांची ओळख करून द्यायला उठली.

“आजच्या उद्घाटकांचा या भागात दरारा आहे. या दराऱ्याचा उगम बेलठाणच्या बिरदेव यांच्या खुनात आहे, असं मी माझ्या प्रबंधात लिहिलं होतं.”

प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. दादा मात्र हसऱ्या चेहऱ्यानं मान हलवत होते.

“ते चुकीचं होतं. आज सर्वांसमोर मी ते दुरुस्त करते. दादांनी बिरदेवला मारलेलं नाही. त्या संध्याकाळी दादा यवतला बहिणीच्या घरी भाचीच्या बारशाला होते. बासुंदी जास्त झाल्यामुळं त्यांना जुलाब लागले होते, सलाइन लावावी लागली. बिरदेव ट्रकखाली सापडून गेला, त्या ड्रायव्हरनं मला स्वतः तसं सांगितलंय. बातमी कळल्यावर दादा कडब्याच्या खोलीत लपून दोन दिवस रडत बसले होते. ही माहिती त्यांच्या सख्ख्या बहिणीनं दिली आणि बहिणीकडं मला खुद्द दादांनीच पाठवलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.”

आधी हसला तो दाराशी उभा असलेला हवालदार. दाबायला गेला आणि नाकातून फुर्रकन आवाज आला. मग मागच्या बाकावरच्या मुली, मग सबंध हॉल. बाहेरगावच्या पाहुण्यांना काही कळलं नव्हतं, तेही हसले.

दादा ताडकन उठले आणि माइक ओढून घेतला. “खोटं हाय ह्ये! साफ खोटं! त्याला तर मी—”

आणि तिथंच थांबले. समोर पहिल्या रांगेत इन्स्पेक्टर बसले होते. त्यांनी मोठ्या उत्सुकतेनं मान वर केली होती. “बोला ना दादा,” ते म्हणाले. “काय म्हणत होता?”

सोळा वर्षं जे न बोलता चाललं ते आता बोलल्याशिवाय भागत नव्हतं आणि बोलायची सोय नव्हती. ते खाली बसले. मागून कोणीतरी ‘बासुंदी’ एवढंच म्हणालं आणि हॉल पुन्हा फुटला.

जॉयसला मेमो आला, विभागप्रमुखपद गेलं. संस्थेची बदनामी केल्याबद्दल खुलासा मागवला, त्यावर तिनं लिहून दिलं की मी विश्वस्तांना निर्दोष ठरवलं, यात बदनामी कसली ते कळवावं. कोणी कळवलं नाही. गाइडनी मात्र चर्चासत्राहून जाताना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “माहिती रोचक आहे, पण सैद्धांतिक चौकट नाही.”

चार-सहा दिवसांनी, भर दुपारी, जालिंदर एकटाच मिशन कंपाउंडात आला. बरोबर पोरं नव्हती. कपड्यांची इस्त्री मोडलेली. दानिएल मास्तरांनी खुर्ची दिली.

“मॅडम, त्यो मीच मारला,” तो म्हणाला. “येसूची आण घेऊन सांगतो, मीच मारला.”

“येशूला यात ओढू नका,” दानिएल मास्तर म्हणाले.

“मग पोलीस स्टेशनला जाऊन सांगा,” जॉयस म्हणाली. “बसस्टँडपासून जवळच आहे. हवं तर मी येते सोबत.”

“तसं न्हाई वो.” त्याचा आवाज पार केविलवाणा झाला. “नुसतं लिवा. पयल्यासारखं. ड्रायव्हर लोकं आता पावत्या फाडत न्हाईत. काल मार्केट यार्डात ग्येलो, तर यकानं इचारलं, दादा, प्वाट बरं हाय का?”

जॉयसनं त्याच्याकडं पाहिलं. या माणसाला भिऊन बेचाळीस गावांनी मान खाली घातली होती. त्या बेचाळीसांत तिचं स्वतःचंही एक गाव होतं.

“चहा घेऊन जा,” ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

वर्षभरात जालिंदर विश्वस्त राहिला नाही, ठेकाही गेला. वाळूच्या लिलावाला तो आला तेव्हा त्याला खुर्ची द्यायला कोणी उठलं नाही. हौशीराम एका रविवारी बेलठाणला जाऊन आला. तिथं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. रतनबाईनंही नाही.

वाळू मात्र उपसली जात राहिली. ठेका बाहेरून आलेल्या एका तरण्या माणसाकडं गेला. तो हसत नसे. पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या वाटेत आलेल्या दोघांचे पाय मोडले गेले. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये इतिहासाचे सर म्हणाले, “बघा मॅडम, आपले दादा काय वाईट होते?” जॉयसच्या भुवया इतक्या वर गेल्या की सरांनी डबा घेऊन जागा बदलली.

शनिवारी ती दौंडला गेली. सरकारी दवाखान्यात खिडकीशी एक गडी प्लास्टरमधला पाय टांगून पडला होता. तिनं स्टूल ओढलं, ओळख सांगितली, पाय कसा मोडला ते विचारलं. त्यानं नव्या ठेकेदाराचं नाव घेतलं, त्यानंच पायावर ट्रक घातला म्हणाला.

“तुम्ही स्वतः पाहिलं का,” जॉयसनं विचारलं, “का कोणाकडून ऐकलं?”

गड्यानं तिच्याकडं असं पाहिलं की क्षणभर तिला तिच्याच भुवया समोर दिसल्या.

“अवो बाई,” तो म्हणाला, “खाली मीच व्हतो की.”